पिस्तुलाचा ग्राहक : मत कोणाचे, जोखीम कोणाची?

एखाद्या वस्तूची पारख करावयाची असेल तर ती वापरणाऱ्याला विचारावे, असा व्यवहाराचा साधा नियम आहे. सायकल घेणारा शेजाऱ्याला विचारतो, शिलाईयंत्र घेणारी गृहिणी मैत्रिणीला विचारते, पाठ्यपुस्तक घेणारा विद्यार्थी वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याला विचारतो. उत्पादकाची जाहिरात त्याच्या हितसंबंधाने रंगलेली असते आणि दुकानदाराचा सल्ला त्याच्या नफ्याने. ज्याने पदरचे पैसे मोजून वस्तू घेतली आणि वर्ष-दोन वर्षे वापरली, त्याला खोटे बोलून काही मिळवावयाचे नसते. म्हणूनच बाजारात मालकाच्या मताला मान आहे, आणि तो रास्तही आहे.

परंतु हा नियम सर्वच वस्तूंना सारखाच लागू पडतो काय? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक टोकाचे उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. ते उदाहरण म्हणजे अमेरिकेतील सामान्य नागरिक घरासाठी वा कमरेला बाळगण्यासाठी विकत घेतो ते प्लॅस्टिकच्या चौकटीचे अर्धस्वयंचलित पिस्तूल. हा विषय आपल्यापासून दूरचा वाटेल. तथापि लक्षावधी भारतीय कुटुंबे, त्यांत मराठी कुटुंबेही, आज त्या देशात राहतात आणि 'घरात एखादे असावे काय' हा प्रश्न त्यांच्याही दाराशी येऊन उभा राहतो. शिवाय ग्राहकाच्या मताची ताकद आणि त्याची मर्यादा ही दोन्ही जितकी या बाजारात स्पष्ट दिसतात, तितकी क्वचितच दुसरीकडे दिसत असतील.

पडद्याच्या दांड्यांपासून पिस्तुलापर्यंत

अर्धस्वयंचलित पिस्तूल म्हणजे चाप एकदा दाबला की एक गोळी सुटणार, रिकामे काडतूस आपोआप बाहेर फेकले जाणार आणि मुठीतल्या मॅगझिनमधून नवे काडतूस नळीत येऊन बसणार. ही रचना शंभर वर्षांहून अधिक जुनी आहे. नवे आहे ते तिच्या चौकटीचे द्रव्य. पूर्वी ही चौकट पोलादाची वा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असे. १९७० साली जर्मनीतील हेक्लर अँड कॉख या कंपनीने प्लॅस्टिकच्या चौकटीचे पिस्तूल प्रथम बाजारात आणले, पण ते फारसे रुजले नाही. ते रुजविले ऑस्ट्रियाच्या गास्टन ग्लॉक या कारखानदाराने. त्याचा कारखाना १९६३ पासून व्हिएन्नाजवळ पडद्यांच्या दांड्यांसारख्या वस्तू करीत असे. पुढे तो सैन्यासाठी सुरे व फावडी करू लागला. पिस्तूल त्याने कधीच केले नव्हते. ऑस्ट्रियाच्या सैन्याला नवे पिस्तूल हवे असल्याचे कळल्यावर त्याने ते नव्याने घडविले आणि १९८२ साली सैन्याने त्याचीच निवड केली. हा ग्लॉक २०२३ च्या डिसेंबरात, वयाच्या ९४ व्या वर्षी निवर्तला. तोपर्यंत त्याचे आडनाव हेच अनेकांच्या तोंडी पिस्तुलाचे नाव होऊन बसले होते.

या यशाचे अर्थशास्त्र समजण्यास अवघड नाही. पोलादाची चौकट कापून, तासून, घासून तयार करावी लागते. तिला कुशल हात आणि वेळ लागतो. नायलॉन जातीच्या प्लॅस्टिकची चौकट साच्यात ओतली की झाली. साचा महाग, पण तो एकदा तयार झाला की पुढच्या प्रत्येक नगाचा खर्च अल्प. सुट्या भागांची संख्याही केवळ ३४. वजनातला फरक तर हातात घेताच जाणवतो. अमेरिकी सैन्याचे जुने कोल्ट पिस्तूल सुमारे ११०० ग्रॅमचे असून त्याच्या मॅगझिनमध्ये ७ गोळ्या मावत. ग्लॉकचे पिस्तूल रिकामे असता ६२५ ग्रॅमच्या आसपास आणि त्यात १७ गोळ्या. हलके, स्वस्त, गंजाचे भय कमी आणि गोळ्या दुपटीहून अधिक, असा हा सौदा होता.

अमेरिकेत त्याला दोन घटनांचा हातभार लागला. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथे दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत मध्यवर्ती तपास संस्थेचे दोन अधिकारी ठार व पाच जखमी झाले. बहुतेक अधिकाऱ्यांजवळ सहाबारी रिव्हॉल्व्हर होते. पोलीसखात्यांनी अधिक गोळ्यांच्या पिस्तुलाकडे वळावे, या मताला त्यानंतर जोर आला. त्याच वर्षी 'प्लॅस्टिकचे पिस्तूल विमानतळावरील यंत्राला दिसत नाही' अशी ओरड वृत्तपत्रांतून झाली. वस्तुत: त्याची नळी आणि वरची स्लाइड पोलादाचीच असते आणि वजनाचा मोठा हिस्साही पोलादाचाच, तरीही १९८८ मध्ये यंत्राला न दिसणाऱ्या शस्त्रांविरुद्ध कायदा झाला. ग्लॉकच्या पिस्तुलाला त्याची झळ लागली नाही. फुकटची प्रसिद्धी मात्र मिळाली. कंपनीने पोलीसखात्यांची जुनी शस्त्रे बदल्यात स्वीकारून नवी सवलतीत दिली. जे पोलिसांच्या कमरेला, ते नागरिकाला विश्वासार्ह वाटणार, हे ओळखूनच हा व्यवहार झाला.

मालक काय म्हणतात

आज या बाजारात ग्लॉकखेरीज स्मिथ अँड वेसन, सिग सॉअर, वॉल्टर आणि क्रोएशियात जन्मलेले स्प्रिंगफील्डचे पिस्तूल असे अनेक स्पर्धक आहेत. स्मिथ अँड वेसनने १९९४ मध्ये काढलेल्या पिस्तुलाचे ग्लॉकशी इतके साम्य होते की ग्लॉकने न्यायालय गाठले आणि १९९७ मध्ये तडजोडीने तो वाद मिटला. वस्तू एकमेकींसारख्या झाल्या की निवड अवघड होते आणि मालकांच्या मतांना भाव येतो. शस्त्रविषयक मासिकांतली पत्रे, दुकानातील गप्पा, सरावाच्या मैदानावरील वादविवाद यांतून ही मते अखंड वाहत असतात.

त्यांतील बरीचशी मते विचारपूर्वक दिलेली असतात, हे मान्य केले पाहिजे. अनुभवी मालक पहिली गोष्ट सांगतो ती हाताच्या मापाची. मुठीचा घेर आणि तिचा कोन हाताशी जुळला नाही तर नेम सारखा वर किंवा खाली जातो. दुसऱ्याला उत्तम वाटणारे पिस्तूल आपल्याला उत्तम वाटेलच असे नाही. वॉल्टरने १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुठीची मागची पट्टी बदलता येण्याची सोय केली आणि पुढे इतरांनीही ती उचलली, ती याच तक्रारीमुळे. दुसरी गोष्ट चापाची. चाप किती दाबावा लागतो, कोठे अडतो, सुटल्यावर किती अंतराने पुन्हा पकडतो, यावर मालकांची मते भिन्न असतात. तिसरी गोष्ट सोबतच्या वस्तूंची. ज्या पिस्तुलाची मॅगझिन्स, सुटे भाग, पट्ट्याला लावावयाची म्याने गावोगाव मिळतात, ते घ्यावे, हा सल्ला आपल्याकडील 'ज्याचे सुटे भाग मिळतात ती स्कूटर घ्या' या सल्ल्याचाच भाऊ आहे. चौथी गोष्ट खर्चाची. नियमित सराव करणाऱ्याचा काडतुसांवरील खर्च काही वर्षांतच पिस्तुलाच्या किमतीला मागे टाकतो; म्हणून काडतूस स्वस्त असलेले, सहसा ९ मिलिमीटरचे, पिस्तूल घ्यावे असे जाणते मालक सांगतात.

सर्वांत तीव्र मतभेद सुरक्षिततेच्या खटक्याविषयी आहे. ग्लॉकच्या पिस्तुलाला अंगठ्याने सरकवावयाचा खटका नाही. त्याची सुरक्षा-यंत्रणा चापातच गुंफलेली आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की संकटाच्या क्षणी घाबरलेल्या माणसाला खटका आठवणार नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की नेहमीच्या दिवशी गाफील असलेल्या माणसाला खटक्याविना वाचविणार कोण? पिस्तूल स्वच्छतेसाठी उघडण्याच्या पद्धतीवरूनही असाच वाद आहे. ग्लॉकचे पिस्तूल उघडण्यापूर्वी चाप दाबावा लागतो. नळीत गोळी राहून गेली असेल तर ती सुटते. 'आधी नळी पाहावी, इतकेच' असे एक मालक म्हणतो. 'माणूस विसरतो' असे दुसरा. एका रचनेने मनुष्याची सावधता गृहीत धरली आहे, दुसरीने त्याचा विसराळूपणा. यंत्राच्या या वादामागे मनुष्यस्वभावाविषयीचे दोन सिद्धांत उभे आहेत.

अनुभवाची मर्यादा

आता या मतांचे मोल कसे ठरवावे? अर्थशास्त्राच्या वर्गात वस्तूंचे तीन प्रकार सांगितले जातात. काही वस्तूंचा गुण विकत घेण्यापूर्वीच पाहून कळतो. उदाहरणार्थ कापडाचा रंग. काहींचा गुण वापरल्यावर कळतो. उदाहरणार्थ आंब्याची गोडी. आणि काहींचा गुण वापरूनही धड कळत नाही. तो विश्वासावरच घ्यावा लागतो. पहिल्या दोन प्रकारांतील भेद फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये मांडला आणि तिसऱ्या प्रकाराची भर डार्बी व कार्नी यांनी १९७३ मध्ये घातली.

पिस्तुलाचे वैशिष्ट्य असे की ते एकाच वेळी तिन्ही प्रकारांत मोडते. मूठ हाताला बसते की नाही, हे दुकानात कळते. नेम, धक्का आणि अडकण्याची खोड हे सरावात कळते. परंतु ज्या कारणासाठी ते घेतले, ते म्हणजे घरात शिरलेल्या हल्लेखोरापासून संरक्षण, त्या कसोटीला ते उतरेल काय हे बहुतेक मालकांना आयुष्यभर कळत नाही, आणि ते कळू नये अशीच त्यांची इच्छा असते. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या पाहणीत बंदूकधारी अमेरिकनांपैकी ७२ टक्के लोकांनी संरक्षण हे आपले प्रमुख कारण असल्याचे सांगितले. म्हणजे मालक जे मत देतो ते कागदी लक्ष्यावरील अनुभवाचे, आणि ऐकणारा जे घेतो ते संकटातील भरवशाचे. या दोहोंमध्ये फार मोठे अंतर आहे.

दुसरी मर्यादा दुर्मीळ दोषाची. हजारात एखाद्याच नगात वा एखाद्याच परिस्थितीत दिसणारा दोष एकट्या मालकाला दिसत नाही. सिग सॉअर कंपनीचे २०१४ मध्ये बाजारात आलेले पी ३२० हे पिस्तूल याचे बोलके उदाहरण होय. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सैन्याने त्याच्याच एका रूपाची निवड केली. त्याच वर्षीच्या ऑगस्टात, नागरिकांना विकलेले नग विशिष्ट कोनात जमिनीवर पडले असता गोळी सुटते, असे चाचण्यांत आढळले. कंपनीने मालकांना ऐच्छिक सुधारणा देऊ केली. पुढे चाप न दाबताच गोळी सुटल्याचे दावे मालकांनी व पोलिसांनी न्यायालयांत केले. कंपनीने ते नाकारले आहेत. तथापि २०२४ मध्ये जॉर्जिया आणि फिलाडेल्फिया येथील ज्यूरींनी तक्रारदारांना भरपाई देवविली. दोष कितपत खरा याचा निवाडा तंत्रज्ञांनी करावा. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की त्या तीन वर्षांत या पिस्तुलाची प्रशंसा करणारे मालक प्रामाणिकच होते. त्यांच्या हातून ते तशा कोनात पडले नव्हते, इतकेच.

मग असा दोष शोधावयाचा कोणी? अन्य वस्तूंसाठी अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने ग्राहकवस्तू-सुरक्षा आयोग स्थापन झाला. परंतु त्याच कायद्याने बंदुका आयोगाच्या कक्षेतून वगळल्या. परिणाम असा की मुलांच्या खेळण्यातील पिस्तूल सदोष निघाले तर शासन ते बाजारातून परत बोलावू शकते. खरे पिस्तूल सदोष निघाले तर कंपनीच्या स्वेच्छेवर किंवा न्यायालयाच्या दीर्घ वाटेवर विसंबावे लागते. जेथे तटस्थ तपासणी नाही, तेथे मालकाच्या मतावर त्याच्या कुवतीपलीकडचे ओझे पडते. मालक वाईट साक्षीदार नव्हे. पण त्याला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसविले गेले आहे.

ज्यांचे मत कोणी विचारत नाही

या सर्वांहून गंभीर अशी एक उणीव आहे. सायकलीचा दोष सायकलवाल्यालाच बाधतो. म्हणून त्याचे मत पुरेसे असते. पिस्तुलाची जोखीम मात्र केवळ मालकाची नसते. ती त्याच्या पत्नीची, मुलांची, वृद्ध आईबापांची आणि शेजाऱ्यांची असते. व्यवहारात नसलेल्यावर पडणाऱ्या अशा भाराला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात, आणि असा परिणाम मोठा असेल तर केवळ खरेदीदाराच्या पसंतीवरून वस्तूचे समाजाला असलेले मोल ठरत नाही, हे या शास्त्राचे जुने सूत्र आहे.

आकडे काय सांगतात? २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने सुमारे ४६,७०० माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी सुमारे २७,३०० म्हणजे निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. हत्या सुमारे १७,९००. ज्या चोराच्या भयाने पिस्तूल घेतले जाते, त्याहून मोठे संकट घरातल्याच निराशेच्या एका रात्रीचे असते, असा याचा अर्थ. कॅलिफोर्नियातील लोकसंख्येच्या नोंदींवर आधारलेला एक विस्तृत अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्या पुरुषांत आत्महत्येचे प्रमाण ते न बाळगणाऱ्या पुरुषांच्या तिपटीहून अधिक, तर स्त्रियांत सुमारे सातपट आढळले. त्याच संशोधकांनी २०२२ मध्ये आणखी नेमका प्रश्न विचारला : ज्यांच्याजवळ स्वत:चे पिस्तूल नाही, पण जे पिस्तूलधारकाच्या घरात राहतात, त्यांचे काय? अशा व्यक्तींची हत्या होण्याचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक होते. जोडीदाराच्या गोळीने घरातच मरण येण्याचे प्रमाण सुमारे सातपट होते आणि अशा बळींपैकी ८४ टक्के स्त्रिया होत्या.

संबंध म्हणजे कारण नव्हे, ही सांख्यिकीची ताकीद येथेही ध्यानात ठेवली पाहिजे. धोक्याच्या वस्तीत राहणारा मनुष्यच पिस्तूल घेत असेल, असे कोणी म्हणेल, आणि ते सर्वस्वी चूक म्हणता येणार नाही. परंतु निदान इतके तरी म्हणता येईल की पिस्तुलाने घरातील माणसे अधिक सुरक्षित झाल्याचे या नोंदींत दिसत नाही. आणि मालकांच्या मतांच्या ढिगात या स्त्रियांचे मत कोठेच नसते. बिघडलेल्या यंत्राविषयी तक्रार करणारा ग्राहक जिवंत असतो. येथे ज्याला सर्वांत मोठी तक्रार आहे, तोच बोलावयास उरलेला नसतो.

भयाची चढाओढ

तरीही अमेरिकन नागरिक पिस्तूल का घेतो? तो मूर्ख आहे म्हणून नव्हे. थॉमस शेलिंग यांनी १९६० मधील आपल्या ग्रंथात एक प्रसंग कल्पिला आहे. रात्री आवाज ऐकून घरमालक पिस्तूल घेऊन जिना उतरतो आणि सशस्त्र चोरासमोर येतो. दोघांनाही रक्तपात नको आहे. चोराला निमूटपणे निघून जावयाचे आहे आणि मालकाला तेच हवे आहे. पण 'आपण आधी गोळी झाडू असे त्याला वाटेल, म्हणून तो आधी झाडेल, म्हणून आपणच आधी झाडावी' या परस्परभयातून कोणालाही नको असलेली गोष्ट घडू शकते. शेलिंग यांनी हा दाखला राष्ट्रांच्या अण्वस्त्रस्पर्धेसाठी दिला. तो ज्या घरातून घेतला, त्या घरालाही तो तितकाच लागू आहे.

ज्या देशात नागरिकांच्या हाती, २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार, ३९ कोटींहून अधिक बंदुका आहेत, म्हणजे दर १०० माणसांमागे १२० बंदुका, तेथे एकट्या माणसाने नि:शस्त्र राहण्याचा निर्णय घेणे त्याला धोक्याचे वाटते. प्रत्येकाचे वागणे त्याच्यापुरते समंजस, आणि सर्वांच्या समंजसपणाची बेरीज मात्र असमंजस. कोणते पिस्तूल घ्यावे, या प्रश्नाला बाजारात शेकडो उत्तरे मिळतात. सर्वांनीच थोडी कमी पिस्तुले बाळगली तर काय होईल, हा प्रश्न मात्र कोणत्याच दुकानात विचारता येत नाही. तो विधिमंडळातच विचारावा लागतो. तेथे १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचे २००८ व २०२२ चे निर्णय यांनी वाट अरुंद केली आहे.

आपल्याकडचा धडा

भारताने वेगळी वाट धरली. ब्रिटिशांचा १८७८ चा शस्त्र-कायदा हा जित लोकांना नि:शस्त्र करणारा कायदा होता आणि आरंभीच्या काळातील काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केले, ते योग्यच होते. स्वतंत्र भारताने १९५९ च्या कायद्याने परवान्याची पद्धत ठेवली. मात्र आता तिचा आधार परकीय सत्तेचे भय नसून नागरिकांची परस्पर सुरक्षितता हा आहे. ९ मिलिमीटरची पिस्तुले सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. म्हणून येथे मालकाच्या मताआधी शासनाचे मत घ्यावे लागते.

अर्थात या पद्धतीवर संतुष्ट होऊन बसण्यासारखी स्थिती नाही. त्याच २०१७ च्या अंदाजानुसार भारतातील नागरिकांच्या हाती सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका होत्या आणि त्यांपैकी नोंदलेल्या एक कोटीहूनही कमी. दर १०० माणसांमागे ५ हे प्रमाण अमेरिकेच्या मानाने नगण्य. पण बेकायदा शस्त्रांचा हा साठा परवाना-पद्धतीचे अपयश दाखवितो. शिवाय परवाना हे अनेक ठिकाणी संरक्षणाचे साधन न राहता प्रतिष्ठेचे चिन्ह बनले आहे, आणि लग्नाच्या वरातीत हवेत झाडलेल्या गोळीने निरपराध माणसे मेल्याच्या बातम्या उत्तर भारतातून आपण वाचतो. २०१९ च्या दुरुस्तीत अशा गोळीबारालाही शिक्षा सांगावी लागली. परवाना देताना अर्जदाराची चौकशी होते. त्याच्या पत्नीला मात्र, तिच्या मनात काय आहे, हे एकांतात विचारले जावे अशी सक्ती आढळत नाही. वरील आकडे पाहता ती असावयास हवी.

ग्राहक-चळवळीने आपल्याला प्रश्न विचारावयास शिकविले, हे तिचे मोठेच ऋण आहे. पण वस्तू टिकाऊ आहे काय, स्वस्त आहे काय, हाताला बसते काय, हे ग्राहकाचे प्रश्न झाले. तिची जोखीम कोणावर पडते आणि त्याला विचारले गेले आहे काय, हे नागरिकाचे प्रश्न होत. पिस्तुलाच्या बाजारात पहिल्या प्रकारचे प्रश्न उत्तम रीतीने विचारले जातात, पण दुसऱ्या प्रकारचे विचारावयास तेथे कोणी नाही. बाजाराला ते काम जमणारे नाही, म्हणून ते कायद्याने आणि लोकमताने आपल्याकडे घेतले पाहिजे.